परमुलुखातील आत्मसंरक्षण



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही हा विषय कळवला. जाहिरात वाचून काही तरुण मंडळी लाठीची किंवा कराटेची प्रात्यक्षिके पाहावयास मिळतील या आशेने आली असतील, तर त्यांची थोडी निराशा होणार आहे. हातघाईचा भाग आजच्या व्याख्यानात येईल. पण तो बराच उशिरा येईल, आणि तो उशिरा का येतो हेच आमच्या बोलण्याचे सार आहे.

आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाची परदेशी आहे. कोणी अमेरिकेत शिकते, कोणी जर्मनीत नोकरी करते, कोणी दुबईत बांधकामावर आहे. आठवड्यातून दोनदा फोन येतो, आपण विचारतो, 'कसं काय?' आणि उत्तर येते, 'सर्व ठीक आहे.' या तीन शब्दांवर आपण निश्चिंत झोपतो. हे तीन शब्द किती भरवशाचे असतात, हेही आज पाहावयाचे आहे.

प्रथम एक साधा प्रश्न विचारू. आपल्या गावात रात्री अकरा वाजता आपण घरी चालत येतो, ते कोणाच्या जोरावर? आपल्या मनगटाच्या जोरावर येतो, असे आपल्याला वाटते. खरे पाहता कोपऱ्यावरचा पानवाला आपल्याला ओळखतो, वाड्यातील म्हातारे गृहस्थ गॅलरीत बसून खोकत असतात, कोणता बोळ टाळावा हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते, आणि आरडाओरडा केला तर तो कोणत्या भाषेत करावा याचा विचार करावा लागत नाही. ओळखीची ही भिंत आपल्याभोवती सदैव उभी असते. ती दिसत नाही, म्हणून आपण तिला आपले धैर्य समजतो. विमान सुटले की ती भिंत मागे राहते. परक्या मुलुखात आत्मसंरक्षण करावयाचे म्हणजे ती भिंत एकेक वीट रचून पुन्हा बांधावयाची.

आपल्यातील एका मुलीने हे काम सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केले. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते आणि पती बरोबर नव्हते. त्यांच्या धाडसाचे गोडवे आपण गातो आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या प्रवासातील शहाणपणाकडे आपले लक्ष जात नाही. न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरण्यापूर्वीच न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्राने स्नेह जडला होता. त्या बाई धक्क्यावर आल्या, त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी नेले आणि मुलीप्रमाणे वागवले. परक्या किनाऱ्यावर आपले नाव जाणणारे एक माणूस, ही पहिली वीट होय. त्या थोर स्त्रीला आपण गमावले तेही कोणा हल्लेखोरामुळे नव्हे. थंड हवा, अपुरा मानवेल असा आहार आणि क्षय यांनी तिचा घास घेतला. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले. परदेशातील संकट बहुधा चाकू घेऊन येत नाही, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी.

ते कोणत्या रूपाने येते? पहिले रूप रस्त्याचे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने जातात. अमेरिकेत, युरोपच्या मुख्य भूमीवर आणि आखाती देशांत ती उजव्या बाजूने जातात. जन्मभर उजवीकडे पाहून रस्त्यात पाऊल टाकण्याची मानेला लागलेली सवय तेथे घातक ठरते. दुसरे रूप पाण्याचे. सुट्टीच्या दिवशी तळ्यावर, धबधब्यावर किंवा समुद्रावर गेलेली आपली मुले बुडाल्याच्या बातम्या वरचेवर वाचावयास मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर लाल-पिवळी निशाणे लावलेली असतात. त्या दोन निशाणांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांची नजर असते आणि पोहणे तेथेच करावयाचे असते. हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो निर्जन आणि रम्य जागा शोधतो आणि आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडतो. तिसरे रूप बंद खोलीतील उबेचे. थंडीत खिडक्या लावून शेगडी किंवा बिघडलेला गॅसचा बंब पेटवला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठत नाही. त्याची सूचना देणारे एक लहानसे यंत्र भिंतीवर लावावयास किती खर्च येतो? एका वेळच्या बाहेरच्या जेवणाहून फारसा अधिक नाही.

आता हल्ल्यांकडे वळू. २००९ साली मेलबर्न शहरात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, मेच्या अखेरीस हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि आपल्या वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. त्या हल्ल्यांमागे वर्णद्वेष होता की साधी लूटमार होती, यावर पुष्कळ वाद झाला. दोन्ही होती, असे आमचे मत आहे. पण वादाच्या गदारोळात एक गोष्ट बाजूस राहिली. ही मुले रात्री-बेरात्री एकटी का सापडत होती? शहरातील भाडे परवडत नव्हते, म्हणून ती दूरच्या उपनगरांत राहत होती. दिवसा कॉलेज असे, म्हणून रात्रीची टॅक्सी किंवा दुकानातील रात्रपाळी पत्करीत होती. आणि शेवटच्या गाडीने, लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून, ओस स्टेशनावर उतरत होती. शिवाय त्या काळी विद्यार्थ्याला आठवड्यास वीस तासच काम करण्याची परवानगी होती. ज्याने पंचवीस तास केले, तो मार खाऊनही पोलिसांकडे जाण्यास कचरत होता. चोराला याहून सोयीचे गिऱ्हाईक कोणते?

तेथील पोलिसांनी सल्ला दिला, की गाडीत आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, मौल्यवान वस्तू दिसू देऊ नका. या सल्ल्यावर सडकून टीका झाली, आणि तीही रास्त होती. मार खाणाऱ्यालाच 'तू जपून का वागला नाहीस?' असे विचारणे हे न्यायाचे लक्षण नव्हे. पण बंधूंनो, न्याय मागणे आणि सावध राहणे यांत विरोध नाही. मोर्चात चालताना मान ताठ असावी, आणि रात्री घरी परतताना नजर चौफेर असावी. आम्ही पालकांना एवढेच सांगू, की मुलाच्या खर्चाचा हिशेब करताना स्टेशनापासून खोलीपर्यंतचे अंतर आणि शेवटच्या गाडीची वेळ हेही आकडे त्यात धरावेत. महिन्याला वाचवलेले थोडे भाडे पुढे फार महाग पडू शकते.

दुसरी वीट कायद्याची. आपल्या घरातील निरुपद्रवी वस्तू परक्या देशात गुन्हा होऊ शकते. दिवाळीत मुलाकडे जाताना आई अनारसे नेते आणि त्यासाठी पुडीभर खसखस बांधून घेते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, आणि ती बाळगल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषधही तेथे परवानगीशिवाय नेता येत नाही. हत्यारांचेही असेच आहे. मुलगी इंग्लंडला निघाली म्हणजे काळजीपोटी बाप तिच्या पिशवीत मिरचीच्या फवाऱ्याची नळी टाकतो. इंग्लंडात १९६८ च्या बंदूक कायद्याने ती नळी निषिद्ध हत्यार ठरते. त्याआधीच्या १९५३ च्या कायद्यानुसार, आत्मसंरक्षणासाठी म्हणून सार्वजनिक जागी हत्यार घेऊन हिंडणे ही सर्वसाधारणपणे सबबच होत नाही. उलट अमेरिकेतील बहुतेक ठिकाणी तोच फवारा, राज्याराज्यांच्या अटी पाळून, दुकानात विकत मिळतो. तेव्हा शस्त्र कोणते घ्यावे हा प्रश्न दुसरा. तेथील कायदा काय म्हणतो हा पहिला.

प्रतिकाराचा हक्क मात्र बहुतेक सर्वत्र आहे, आणि त्याची मर्यादाही जवळपास सारखी आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमे खाजगी बचावाच्या हक्काची आहेत. आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा त्यांत नाही. इंग्लंडातील कायदाही परिस्थितीस अनुसरून रास्त वाटेल तेवढेच बळ वापरू देतो. पळून जाणाऱ्या चोराला गाठून बडवणे हा बचाव होत नाही, हे घरच्या आणि बाहेरच्या दोन्ही कायद्यांचे सांगणे आहे.

तिसरी वीट भाषेची आणि रीतीची. येथे एक करुण हकीकत सांगणे आवश्यक आहे. १९९२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, बॅटन रूज या शहरी, सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मित्राबरोबर हॅलोवीनच्या मेजवानीस निघाला. पत्ता चुकला आणि दोघे भलत्याच घरी गेले. घरातील बाई घाबरली, घरमालक पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि त्याने 'फ्रीज' असा दरडावणीचा शब्द उच्चारला. या शब्दाचा तेथील अर्थ 'जागचा हलू नकोस'. मुलगा हसतमुखाने पुढे येत राहिला आणि गोळी लागून मेला. त्याला तो शब्द कळला नसावा, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. मुलाच्या आईबापांनी पुढे शस्त्रनियंत्रणाच्या कामास वाहून घेतले. शाळेत इंग्रजी शिकलेला मुलगा त्या भाषेतील एका शब्दाच्या रस्त्यावरच्या अर्थाने दगावतो! आपली मुले परीक्षेपुरते इंग्रजी किंवा जर्मन उत्तम शिकून जातात. पण 'थांब', 'हात वर कर', 'मागे हो', 'मदत करा', 'पोलिसांना बोलवा' ही पाच वाक्ये तेथील लोक ज्या उच्चारात बोलतात त्या उच्चारात त्यांना येतात काय? अनोळखी दाराशी जाताना, पोलिसाने मोटार थांबवली असताना हात कोठे ठेवावेत, हे त्यांना ठाऊक आहे काय? अमेरिकेत ते चाकावर, पोलिसाला दिसतील असे ठेवावयाचे असतात. आपल्याकडे परवाना काढण्यासाठी आपण चटकन खिशात हात घालतो. तेथे त्याचा भलता अर्थ होऊ शकतो.

संकटकाळचे दूरध्वनी क्रमांकही याच पाठात येतात. अमेरिकेत व कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११, आणि युरोपीय संघाच्या देशांत, तसेच आता आपल्याकडेही, ११२. जपानात पोलिसांसाठी ११० आहे, आणि गल्लोगल्ली 'कोबान' नावाच्या छोट्या चौक्या आहेत. खोली घेतल्याच्या पहिल्याच दिवशी जवळची कोबान पाहून ठेवावी. क्रमांक यंत्रात साठवून चालत नाही. यंत्रच चोरीस गेले तर? तो तोंडपाठ हवा.

आता तरुण मंडळी ज्याची वाट पाहत आहेत त्या हातघाईकडे येऊ. परक्या शहरातील झटापटीचे शास्त्र परमुलुखात राहिलेल्या माणसांनीच बऱ्याच अंशी घडवले, ही मौजेची गोष्ट आहे. बार्टन-राइट नावाचा इंग्रज इंजिनिअर काही वर्षे जपानात राहिला, तेथे जुजुत्सू शिकला, आणि १८९८ च्या सुमारास लंडनला परतून त्याने जुजुत्सू, मुष्टियुद्ध आणि हातातल्या काठीचे डाव यांचा मेळ घालून शहरी गृहस्थांसाठी एक पद्धत काढली. फेअरबर्न हा दुसरा इंग्रज १९०७ साली शांघायच्या पोलीसदलात दाखल झाला. त्या दलात आपल्या शीख शिपायांची मोठी तुकडी होती. बंदरातील गुंडांशी झुंजता झुंजता त्याने जी पद्धत बसवली, तिचे पुस्तक १९२६ साली शांघायलाच निघाले. दोघांच्या पद्धतींत एक सूत्र समान आहे: डाव थोडे, सोपे, आणि सुटका करून घेण्यापुरते. आखाड्यातील कुस्तीत समोर एकच गडी असतो, खाली माती असते आणि पंच असतो. रस्त्यावर यांपैकी कशाचीही हमी नाही.

म्हणून आम्ही तरुणांना चार पायऱ्या सांगतो. पहिली, अंतर. अनोळखी माणूस वेळ विचारण्यासाठी जवळ आला, तरी दोन हात अंतर राखावे आणि एक पाऊल मागे घेऊन बोलावे. दुसरी, हात. दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरावेत. पाहणाऱ्यास ते शांततेचे लक्षण वाटते आणि आपल्या तोंडाचे रक्षण करण्यास ते तयार असतात. तिसरी, आवाज. पोटातून, मोठ्याने, थोडक्यात ओरडावे. चोराला गर्दी नको असते. चौथी, सुटका. मनगट पकडले असेल तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटक्याने हात सोडवावा, कारण पकडीची दुबळी जागा तीच. गळ्याशी आला तर तळव्याच्या टाचेने हनुवटीखाली किंवा नाकावर तडाखा द्यावा, आणि लगेच उजेडाकडे, माणसांकडे धाव घ्यावी. तडाखा कसा बसला हे पाहण्यास थांबू नये. समोर चाकू किंवा पिस्तूल असेल आणि मागणी पाकिटाची असेल, तर पाकीट द्यावे. यात भित्रेपणा मुळीच नाही. पाकीट पुन्हा घेता येते.

या पायऱ्या ऐकून येत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, सहा महिने एखाद्या चांगल्या आखाड्यात किंवा जुदोच्या वर्गात घाम गाळला म्हणजे त्या अंगात उतरतात. त्याचा आणखी एक लाभ होतो. ज्याला पडायची सवय झाली, तो धक्का बसल्यावर गोठून जात नाही.

पण जेथे मनगटाचा काही उपयोग नाही, अशी फसवणूक हल्ली फार वाढली आहे. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी, भरघोस पगार, अशी जाहिरात येते. मुलगा बँकॉकला उतरतो, तेथून त्याला मोटारीने सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्ये नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि तारेच्या कुंपणात कोंडून जगभरच्या लोकांना फसवण्याच्या कामास जुंपतात. २०२५ च्या मार्चमध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने वायुदलाच्या विमानांतून परत आणले. यावर उपाय विमानात बसण्यापूर्वीचा आहे. परदेशी नोकरीस पाठवणाऱ्या दलालाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंद असावी लागते, आणि ती नोंद सरकारच्या 'ई-मायग्रेट' या स्थळावर कोणासही तपासता येते. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरी देऊ करणारा दलाल खोटा, हे समीकरण पाठ करावे. आखातात जाणाऱ्याने आणखी एक जाणून असावे, की पासपोर्ट मालकाचा नव्हे. कतारमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार, कामगाराने लेखी विनंती केल्याखेरीज, मालकाला तो ठेवून घेता येत नाही. पासपोर्टाच्या आणि कराराच्या नकला घरी, आपल्या कपाटात असाव्यात.

यानंतरची वीट वकिलातीची. युक्रेनमधील युद्ध २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पेटले. त्यापूर्वीच आपल्या वकिलातीने तेथील भारतीयांना नावे नोंदवण्यास सांगितले होते आणि १५ फेब्रुवारीस, राहणे अत्यावश्यक नसल्यास देश सोडण्याचा सल्ला दिला होता. परीक्षा बुडेल, पैसे वाया जातील, म्हणून पुष्कळ विद्यार्थी थांबले. त्यात महाराष्ट्रातलेही बरेच होते. पुढे सुमारे २२,५०० भारतीय सुखरूप परतले, पण सुमी शहरातील मुलांना मार्चच्या आठ तारखेपर्यंत तळघरांत दिवस काढावे लागले. वकिलातीत नाव नोंदवणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि संकट येईपर्यंत ते निरर्थक वाटते. आणखी एक हक्क प्रत्येकास ठाऊक हवा. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमाप्रमाणे, परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीस कळवण्याची मागणी करता येते. याच कलमाच्या आधारे भारताने २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानविरुद्ध निकाल मिळवला. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये. 'माझ्या वकिलातीस कळवा' एवढेच म्हणावे.

आणि आता त्या तीन शब्दांकडे परत येऊ. 'सर्व ठीक आहे.' परदेशातील माणूस दुखावला तर तो गप्प का बसतो? व्हिसा जाईल ही भीती, आईबाप काळजी करतील ही माया, आणि 'एवढे कर्ज काढून पाठवले, आता काय सांगू?' ही लाज. लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या बाबतीत ही लाज दुप्पट असते. नवराच मारतो, पासपोर्ट त्याच्या कपाटात, व्हिसा त्याच्या नोकरीवर अवलंबून, आणि माहेरी फोन केला तर उत्तर मिळते, 'थोडं सांभाळून घे.' बंधुभगिनींनो, हे उत्तर देणारे आपणच आहोत. तेथे पोलीस आहेत, स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने गंभीर गुन्ह्यास बळी पडून तपासास मदत करणाऱ्या परकीयांसाठी स्वतंत्र व्हिसाची सोयही आहे. पण मुलीने ते दार ठोठावण्यासाठी आधी माहेरचे दार उघडे आहे अशी तिची खात्री हवी. मुलाला निरोप देताना 'नाव काढ' असे आपण सांगतो. त्याबरोबर 'वाईट झाले तर पहिल्यांदा आम्हांला सांग, आम्ही रागावणार नाही' हेही सांगून पाहा. त्याच्या सामानातील ही सर्वांत उपयोगी वस्तू ठरेल.

शेवटी एक विनंती आहे. आपल्या मुलाला मेलबर्नमध्ये, म्यूनिकमध्ये शेजार मिळावा, दुकानदाराने त्याला नावाने ओळखावे, रात्री तो दिसला नाही तर कोणी चौकशी करावी, अशी आपली इच्छा आहे. पण आपल्या शहरात शिकावयास आलेला मणिपूरचा मुलगा, नागालँडची मुलगी, आफ्रिकेतील विद्यार्थी यांच्याभोवतीची भिंत कोणी बांधावयाची? २०१२ च्या ऑगस्टमध्ये केवळ अफवांमुळे ईशान्य भारतातील हजारो मुलांनी पुणे आणि बंगलोर सोडून गाड्या पकडल्या. त्यांना थांबवून 'आम्ही आहोत' असे म्हणणारे शेजारी पुरेसे नव्हते, हे कबूल करावे लागेल. परक्याचे रक्षण परक्या शहरातील माणसे करतात, आणि कोणाच्या तरी दृष्टीने आपणही तीच माणसे आहोत. आपल्या वाड्यात, आपल्या सोसायटीत असे कोणी राहत असेल, तर उद्या सकाळी त्याचे नाव विचारावे.